दालमिलचा रोलर, जिनिंगचा रोलर आणि सोनेरी ड्रिल : अवजारावरचा मुलामा काय वाचवतो, काय बिघडवतो

अकोल्याच्या दालमिलमध्ये तूर ज्या रोलरवर सोलली जाते, तो रोलर लोखंडाचा असतो, पण लोखंड तुरीला कधी लागतच नाही. तुरीला लागतो तो त्यावर चढवलेला एमरीचा खरखरीत थर. हा थर झिजला की रोलर फेकून देत नाहीत. जुना थर काढतात, नवा चढवतात आणि तेच लोखंड पुन्हा वर्षानुवर्षे फिरते. मशीन तीच, कातडी नवी.

आज आपण या कातडीबद्दलच बोलणार आहोत. अमरावती आणि अकोल्यात आपल्या समाजातली किती तरी घरे लेथ, वेल्डिंग, फॅब्रिकेशन, जिनिंग, दालमिल आणि भंगाराच्या धंद्यावर चालतात. मुले आयटीआय करतात, टर्नर-फिटर होतात, एमआयडीसीत लागतात. तिथे हल्ली ‘सस्टेनेबल मॅन्युफॅक्चरिंग’ हा शब्द फार ऐकू येतो. ऐकायला तो मोठ्या कंपन्यांचा वाटतो, पण त्याचा अर्थ साधा आहे. कमी माल, कमी वीज, कमी पाणी लागावे, कचरा कमी व्हावा आणि काम करणाऱ्याच्या तब्येतीला धक्का लागू नये, अशा रीतीने वस्तू बनवणे. यातली शेवटची अट लोक सोयीने विसरतात. आपण ती विसरू नये, कारण मशीनसमोर उभा असलेला माणूस बहुतेक वेळा आपल्याच घरातला असतो.

अवजारावर थर चढवण्याची कल्पना आपल्याला नवीन नाही. शादीच्या देगांना कल्हई लावणारे कारागीर वऱ्हाडातल्या गावोगावी फिरायचे, आजही कुठेकुठे दिसतात. तांब्याचे भांडे कोळशावर तापवायचे, नवसागराची पूड टाकून साफ करायचे आणि कथिलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने पसरवायचा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे हजार अंशांच्या वर, म्हणून भांड्याला काही होत नाही. एवढ्याशा थराने चिंच-टोमॅटोचा आंबटपणा तांब्यापर्यंत पोचत नाही आणि देग पिढ्यान् पिढ्या टिकते. पण त्यातच एक खोट आहे. कथील महाग, शिसे स्वस्त. कथिलात शिसे मिसळले तर कल्हई तशीच चमकते आणि शिसे सालनात उतरते. म्हणजे मुलाम्याबद्दल दोन प्रश्न विचारावे लागतात : तो किती टिकतो, आणि झिजून कुठे जातो? कारखान्यातही हेच दोन प्रश्न आहेत. पहिला सगळे विचारतात. दुसरा फार कमी लोक.

आधी दालमिल पाहू, कारण अकोल्याला तिच्याशिवाय ओळख नाही.

तुरीची साल सहज निघत नाही. साल आणि डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो. म्हणून तूर आधी साफ करून रोलरवर घासतात, सालीला ओरखडे पाडतात. मग तेलाचा हात देऊन ठेवतात, पाणी मारतात, उन्हात किंवा ड्रायरमध्ये वाळवतात आणि पुन्हा रोलरवर घेतात. असे फेरे होत होत साल सुटते. या सगळ्यात रोलरच्या खरखरीतपणाला फार महत्त्व आहे. एमरीचे दाणे नंबराने ओळखले जातात, नंबर लहान तर दाणा जाड. दाणा फार जाड असेल तर सालीबरोबर डाळही खरवडली जाते. फार बारीक असेल तर साल सुटत नाही आणि फेरे वाढतात. दोन्हीकडे नुकसान. रोलरवर थर चढवणारा कारागीर दाण्यांचे मिश्रण ठरवतो, त्यात मॅग्नेसाइटची पूड आणि मॅग्नेशियम क्लोराइडचे पाणी घालून लगदा करतो, तो रोलरवर बसवतो, सुकू देतो आणि मग फिरत्या रोलरवर घासून गोल करतो. हा हुनर पुस्तकात कमी, हातात जास्त आहे.

आता हा थर झिजला तर काय होते ते बघा. दाण्यांची धार जाते, ते गुळगुळीत होतात. चालवणारा दाब वाढवतो, नाहीतर माल आणखी एक फेरा फिरवतो. दाब वाढला की घर्षण वाढते, मोटर जास्त वीज खाते, डाळ तापते, तुटते, कडा झडतात. जे पीठ आणि तुकडे निघतात ते चुणी म्हणून जनावरांच्या खाद्यात जातात. वाया जात नाहीत हे खरे, पण माणसाच्या ताटातली डाळ ढोराच्या गव्हाणीत गेली आणि तीही पडेल भावाने. तुरीच्या दाण्यात साल काढून जवळजवळ ८५ टक्क्यांच्या वर डाळ असते. जुन्या पद्धतीच्या मिलमध्ये हाती येते ती साधारण ६८ ते ७५ टक्के. मधला फरक सगळाच रोलरमुळे नाही. वाळवण, दाण्याची जात, चाळणी असे पुष्कळ काही असते. पण रोलरचा वाटा मोठा आहे. समजा एखादी मिल दिवसाला १०० क्विंटल तूर काढते आणि रोलर वेळेवर दुरुस्त केल्याने एकच टक्का डाळ जास्त निघाली, तर रोज एक क्विंटल डाळ वाचली. त्या डाळीसाठी लागलेले शेतकऱ्याचे पाणी, खत, नांगरट, सगळेच वाचले. पर्यावरणाच्या गोष्टी करताना लोक सोलर पॅनल दाखवतात. आमच्या मते दालमिलमध्ये आधी रोलर दाखवायला हवा.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली ‘पीकेव्ही मिनी दालमिल’ वऱ्हाडात आणि बाहेरही बचत गटांनी, छोट्या उद्योजकांनी घेतली आहे. घरच्या घरी, गावच्या गावात डाळ करून विकायची सोय त्यातून झाली. आपल्या काही भगिनींचे गटही असा धंदा करू पाहतात. त्यांना एवढेच सांगणे की मशीन घेताना कर्जाचा हिशेब होतो, पण रोलरवर पुन्हा थर चढवायचा खर्च कुणी धरत नाही. तो वर्षाच्या खर्चात आधीच धरावा आणि जवळ कोण कारागीर हे काम करतो तेही विचारून ठेवावे.

शेताकडे वळलो तर तीच गोष्ट. काळ्या जमिनीत रोटाव्हेटरची पाती आणि कल्टिव्हेटरचे फाळ कडेने झिजतात, बाकीचे लोखंड धडधाकट राहते. पूर्वी लोहार भट्टीत तापवून ठोकून धार काढायचा आणि पाणी पाजायचा. आता वेल्डिंगवाल्याकडे हार्डफेसिंगचे रॉड मिळतात. क्रोमियम आणि कार्बन जास्त असलेला हा रॉड फक्त झिजणाऱ्या कडेवर ओढायचा. थर दोन-तीन मिलिमीटरचा असतो, पण मातीशी झुंजतो तोच. नव्या पात्यावर आधीच ओढला तर जास्त फायदा. पाते अर्धे खाऊन गेल्यावर ओढण्यात रॉडच जास्त जळतो. (वेल्डिंगच्या धुराबद्दल पुढे बोलू.)

आता वर्कशॉप. हार्डवेअरच्या दुकानात सोनेरी रंगाचे ड्रिल बिट दिसतात. तो रंग सोन्याचा नाही, टायटॅनियम नायट्राइडचा. पोलादाच्या ड्रिलवर हा थर फार तर तीन-चार मायक्रॉनचा असतो, आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढा. तरी तो हायस्पीड स्टीलपेक्षा जवळपास अडीच पट कठीण असतो. शिवाय त्यावर लोखंडाचा चुरा चिकटत नाही, घर्षण कमी होते, उष्णता ड्रिलमध्ये न शिरता चुऱ्याबरोबर बाहेर पडते. ड्रिल मरते ते बहुतेक वेळा उष्णतेने. कड निळी पडली की धार गेली समजा.

हा थर लावायची रीत मजेशीर आहे. एका बंद भांड्यातली हवा काढून निर्वात करतात. आत टायटॅनियम विजेच्या जोरावर वाफेसारखे उडवतात, त्यात नायट्रोजन वायू सोडतात, आणि दोन्ही एकत्र होऊन अवजारावर बसतात. तापमान साधारण ४५० ते ५०० अंश. हायस्पीड स्टील त्याहून जास्त तापले की नरम पडू लागते, म्हणून ही मर्यादा मोलाची आहे. याआधीच्या रासायनिक पद्धतीत हजार अंशांच्या आसपास जावे लागे, तिथे पोलादाचे अवजार टिकत नाही, फक्त कार्बाइड टिकते. या निर्वात पद्धतीत आम्लाच्या टाक्या नाहीत, विषारी सांडपाणी जवळजवळ नाही. वीज लागते, आणि आधी अवजार धुवायला रसायन लागते, हेही लक्षात ठेवावे. अशी कामे वऱ्हाडात बसून होत नाहीत. पुण्याकडच्या औद्योगिक पट्ट्यात कोटिंगची केंद्रे आहेत, महागडी कटर तिकडे पाठवून पुन्हा थर चढवून आणतात.

टायटॅनियममध्ये ॲल्युमिनियम मिसळलेला जांभळट-काळा थरही मिळतो. तो आणखी उष्णता सोसतो, म्हणून कठीण पोलादावर कमी किंवा अजिबात कूलंट न वापरता काम करता येते. पण तोच कटर ॲल्युमिनियमच्या जॉबवर लावला तर जॉबचा माल कटरला चिकटतो. महाग घेतले म्हणजे सगळीकडे चालेल असे नाही. आणि बाजारातले प्रत्येक सोनेरी ड्रिल खरे नसते, काहींना नुसता रंग असतो. एक-दोन भोकांतच रंग पुसला गेला तर समजून जावे.

एक गोष्ट पोरांना आवर्जून सांगायला हवी. कोटिंगच्या ड्रिलला धार लावली की टोकावरचा थर जातो, म्हणून ते बेकार झाले असे नाही. नाळीतला थर शिल्लक असतो आणि चुरा घसरवायचे काम तो करतच राहतो. असे ड्रिल फेकू नका.

कूलंटचा विषय इथेच येतो. लेथवर जे दुधासारखे पांढरे पाणी सोडतात त्यात तेल आणि रसायने असतात. ते जुने झाले की कुजते, वास मारते, हाताला खाज येते, चट्टे उठतात. मग ते नालीत सोडले जाते. छोट्या शेडमध्ये हे सर्रास चालते आणि ते चूक आहे, कायद्यानेही. चांगले कोटिंग असलेले अवजार असेल तर पुष्कळ कामांत कूलंट कमी लागतो. काही ठिकाणी हवेच्या झोताबरोबर तेलाचे थेंब तेवढे मारून भागते. म्हणजे अवजारावरच्या तीन मायक्रॉनमुळे नालीत जाणारे पिंप वाचू शकते.

भंगारवाल्या आपल्या बांधवांसाठी थोडे. लेथवरच्या कार्बाइडच्या टिपा झिजल्या की बऱ्याचदा लोखंडाच्या चुऱ्यात पडतात. कार्बाइडमध्ये टंगस्टन आणि कोबाल्ट असते. टंगस्टन आपल्या देशात जवळजवळ निघत नाही, जगात बहुतेक चीनमधून येते आणि कोबाल्ट काँगोमधून. त्यामुळे या छोट्या तुकड्यांना लोखंडाच्या कितीतरी पट भाव मिळतो आणि ते वितळवून-विरघळवून पुन्हा वापरले जातात. ओळख सोपी : हातात घेतले की तुकडा आकाराच्या मानाने फार जड लागतो, लोखंडाच्या जवळपास दुप्पट. वर्कशॉपमध्ये एक वेगळा डबा ठेवला तर त्यात कचरा नाही, पैसा जमतो.

इथपर्यंत सगळे छान वाटते. आता दुसरा प्रश्न : थर झिजून कुठे जातो?

यासाठी जिनिंगमध्ये जाऊ. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, धामणगाव, कापूस पिकतो तिथे जिनिंग आहे. आपल्याकडच्या डबल रोलर जिनमध्ये दोन रोलर फिरतात. कापसाचे तंतू त्यांच्या खरखरीत पृष्ठभागाला चिकटतात, सुरीच्या खालून ओढले जातात, सरकी मागे राहते आणि रुई पुढे जाते. हे रोलर वर्षानुवर्षे चामड्याच्या गोल चकत्या दांड्यावर घट्ट बसवून केले जातात. चामडे कमावलेले असते ते क्रोमियमच्या क्षारांनी. तंतू पकडायला हे चामडे फार चांगले, म्हणूनच ते टिकून राहिले. पण सुरी सतत घासते, चामडे झिजते, चर बुजले की पुन्हा कापावे लागतात, आणि ती सगळी बारीक भुकटी हवेत, रुईत आणि सरकीत जाते.

मुंबईत माटुंग्याला १९२४ साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे ‘सिरकॉट’ने, या क्रोमियमचा प्रश्न हाती घेतला. संस्थेचे जिनिंगचे प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. त्यांनी पर्याय म्हणून रबर चढवलेल्या सुती कापडाच्या चकत्यांचा क्रोमियममुक्त रोलर विकसित केला. काम तेच करतो, चामड्याची भुकटी उडत नाही.

भीती घालायची नाही, म्हणून नीट समजून घेऊ. चामड्यात असते ते क्रोमियमचे त्यातल्या त्यात सौम्य रूप. खरे घातक रूप वेगळे, त्याला षट्संयुजी क्रोमियम म्हणतात. उष्णतेने सौम्य रूपातले थोडे घातक रूपात जाऊ शकते, आणि जिनमध्ये रोलर तापतो. शिवाय कापसाची धूळ स्वतःच फुप्फुसाला त्रास देते, छाती भरते, धाप लागते. त्यात चामड्याची भुकटी मिसळलेली. जिनमध्ये रोलरजवळ रुई सारणाऱ्या बाया, मजूर आणि पुढे रुई पिंजून गाद्या भरणारे आपले पिंजारी-मन्सुरी-नदाफ बांधव, यांच्या नाकातोंडात हेच जाते. गादी-रजईच्या दुकानात म्हातारे कारागीर खोकताना आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. तो खोकला कशाकशाचा, हे कुणी मोजत बसत नाही. मग निदान ज्याची भर टाळता येते ती तरी टाळावी.

मालकांच्या बाजूनेही बोलायला हवे. जुन्या रोलरला कारागीर आहेत, सुटे भाग मिळतात, त्याची वेळ-खर्चाची गणिते पाठ आहेत. हंगाम चार-पाच महिन्यांचा, त्यात मशीन बंद पडली तर गाड्या रांगेत उभ्या राहतात. नवा रोलर लावायला भीती वाटते हे समजते. पण दोन-चार मशीनवर लावून एक हंगाम बघायला हरकत नसावी.

तो घातक क्रोमियम मात्र आपल्याच गल्लीत सापडू शकतो, हार्डक्रोमच्या कामात. हायड्रॉलिकच्या दांड्या, साचे, रोलर यांवर चांदीसारखा चकचकीत कठीण थर देतात तो. त्यासाठी वस्तू क्रोमिक आम्लाच्या गरम टाकीत बुडवून वीज सोडतात. टाकीतून बुडबुड्यांबरोबर बारीक तुषार उडतात, त्यांत षट्संयुजी क्रोमियम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहे. वर्षानुवर्षे श्वासात गेले तर नाकाच्या पडद्याला भोक पडते, हाताला न भरणाऱ्या जखमा होतात, फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. युरोपने तर २१ सप्टेंबर २०१७ नंतर खास परवानगीशिवाय हे क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरायला बंदी केली. आपल्याकडे इलेक्ट्रोप्लेटिंग प्रदूषण मंडळाच्या लाल यादीत आहे, परवाना आणि सांडपाण्याची प्रक्रिया बंधनकारक आहे. तरी गाळ आणि पाणी कुठे जाते हे शेजाऱ्यांनाही ठाऊक असते.

इथे राजेहो, गोष्ट विचित्र होते. हार्डक्रोमने दांडी अनेक पट टिकते, म्हणजे लोखंड वाचले. कागदावर हेही ‘सस्टेनेबल’च. पण वाचलेल्या लोखंडाची किंमत टाकीजवळच्या पोराने भरली. असा हिशेब आम्हाला मान्य नाही. पर्याय आहेत : नायट्रोजनने पृष्ठभाग कठीण करणे, कार्बाइडची पूड प्रचंड वेगाने फवारून थर देणे. विमानाच्या चाकांच्या दांड्यांवर क्रोमऐवजी ही फवारणी वापरली जाते. महाग आहे, प्रत्येक गावात मिळत नाही. पण जिथे मिळते तिथे विचारून बघावे. आणि क्रोमच करायचे तर टाकीवर धूर ओढणारी यंत्रणा, हातमोजे, दर वर्षी नाक-छातीची तपासणी, एवढे तरी हवेच. ज्याच्या घरचा मुलगा अशा ठिकाणी कामाला लागला आहे त्याने पगार विचारतो तसे हेही विचारावे.

वेल्डिंगच्या धुराबद्दल बोलू म्हटले होते. हार्डफेसिंगच्या रॉडमध्ये क्रोमियम भरपूर असते, स्टेनलेसमध्येही. त्यांच्या धुरात थोडे षट्संयुजी क्रोमियम तयार होते. बंद शेडमध्ये तोंडाला रुमाल बांधून हे काम होते, आणि रुमालाने हा धूर अडत नाही. काम उघड्यावर, वाऱ्याला पाठ न करता आडवे उभे राहून करावे म्हणजे धूर तोंडाकडे येत नाही. श्वासासाठी फिल्टरचा मास्क घ्यावा. रोलरवर एमरी घासून गोल करतानाही तेच. ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

जिनिंगचे रोलर पुढच्या हंगामासाठी साधारणपणे पावसाळ्यात बसवून, दुरुस्त करून ठेवतात. चामड्याच्या जागी दुसरा रोलर हवा का, ही चौकशी तेव्हाच करता येते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या दारात आल्यावर कुणाला ऐकायला वेळ नसतो.